बॅटरीवरील शीतपेटी व तिच्या तारेची जाडी

ज्या वस्तीवर विजेचा खांब पोहोचलेला नाही, अथवा पोहोचूनही रात्री वीज मिळण्याचा भरवसा नाही, तेथे सूर्यप्रकाशावर बॅटरी भरून तिजवर शीतपेटी चालविण्याची सोय आता पुष्कळ बागाईतदारांच्या आवाक्यात आली आहे. कोंबड्यांची लस, जनावरांची औषधे, घरचे दूध या कामी अशी पेटी फार उपयोगी पडते. परंतु पेटी चांगली, बॅटरी नवी आणि सोलर पॅनेल पुरेसे असूनही ती पेटी मधूनच बंद पडते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुधा पेटीत नसते व बॅटरीतही नसते. ते या दोहोंस जोडणाऱ्या तारेत असते. ती तार किती जाडीची असावी हे कसे ठरवावे, एवढाच विषय आम्ही या पाठात घेतला आहे.

ही पेटी मुळात शेतासाठी निर्माण झालेली नाही. समुद्रात जाणाऱ्या होड्या, मालमोटारी आणि प्रवासी गाड्या यांच्यासाठी १२ व २४ व्होल्टवर चालणारी लहान कॉम्प्रेसर-यंत्रे तयार झाली. त्यांपैकी डेन्मार्कच्या डॅनफॉस कारखान्याची 'बीडी' जातीची यंत्रे सर्वत्र पसरली. सन २०१० मध्ये हा धंदा विकला गेला व पुढे ती यंत्रे सेकॉप या नावाने निघू लागली. होडीत बॅटरी बहुधा इंजिनाजवळ असते आणि शीतपेटी राहण्याच्या खोलीत असते. मधले अंतर तारेनेच तोडावे लागते. आपल्या वस्तीवरही बॅटरी एकीकडे व पेटी दुसरीकडे अशीच स्थिती असते. सबब होडीवाल्यांनी या बाबतीत जे नियम ठरविले, ते शेतकऱ्यासही जसेच्या तसे लागू पडतात.

विषय किरकोळ वाटेल, परंतु त्यात हानी मोठी आहे. मानमोडी अथवा राणीखेत रोगावरील लासोटा ही लस जिवंत विषाणूंची असते व ती २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णमानात ठेवावी लागते. वैशाखातील रात्री पेटी चार-सहा तास बंद राहिली आणि आतील उष्णमान वाढले, तर लसीचे सामर्थ्य कमी होते. दूध नासले तर वासाने समजते. लस निकामी झाली तरी कुपी दिसावयास पूर्वीसारखीच असते. पाळणारा ती पक्ष्यांस पाजतो व निश्चिंत राहतो. पुढे साथ आली म्हणजे त्या निश्चिंतीची किंमत त्यास कळते. म्हणून तारेतील दोन-चारशे रुपयांची बचत ही खरी बचत नव्हे, हे प्रथमच ध्यानात घ्यावे.

पाण्याच्या नळाशी साम्य

ज्याने विहिरीवरून दूरच्या शेतात पाइपलाइन नेली आहे, त्यास हा विषय अर्धा समजलेलाच आहे. विहिरीवर पंपाचा दाब पुरेसा असला तरी पाइप अरुंद आणि लांब असेल, तर शेवटच्या टोकाला पाणी मंद येते. कारण पाइपाच्या आतील घर्षणात दाब खर्च होतो. पाइप जितका लांब, जितका अरुंद आणि त्यातून पाणी जितके अधिक न्यावयाचे, तितका दाब अधिक खर्च होतो. पाणी बंद ठेवले तर मात्र दोन्ही टोकांचा दाब सारखाच दिसतो.

विजेचेही तसेच आहे. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह, आणि तारेचा रोध म्हणजे पाइपाचे घर्षण. बॅटरीजवळ १२.२ व्होल्ट असले तरी पेटीजवळ तेवढे पोहोचतात असे नाही; प्रवाह चालू झाला की मधल्या तारेत काही व्होल्ट खर्च होतात. या खर्चास आम्ही 'घट' म्हणू. पाण्याच्या उपमेत एकच फरक ध्यानात ठेवावयाचा: वीज बॅटरीच्या एका टोकातून निघून पेटीतून फिरून दुसऱ्या टोकास परत येते. म्हणून पेटीचे अंतर १२ मीटर असेल तर तारेची लांबी २४ मीटर धरली पाहिजे. जाण्याची तेवढीच लांबी धरून येण्याची विसरणे ही चूक फार ठिकाणी होते, व ती झाली म्हणजे सर्व हिशेब निम्म्याने चुकतो.

घरच्या विजेचा अनुभव येथे का फसवितो

वायरमनास विचारले तर तो म्हणेल की, अडीचची तांब्याची तार वीस अँपिअरपर्यंत सहज चालते, मग पाच अँपिअर घेणाऱ्या पेटीस ती पुरणार नाही काय? त्याचे म्हणणे एका अर्थाने बरोबर आहे. त्या तारेतून पाच अँपिअर गेले तर ती तापणार नाही, जळणार नाही व हाताला गारच लागेल. पण न तापणे ही एक कसोटी झाली. शेवटच्या टोकास पुरेसा दाब पोहोचणे ही दुसरी. घरच्या २३० व्होल्टच्या विजेत थोड्या अंतरापर्यंत पहिली कसोटी उतरली की दुसरी आपोआप उतरते, म्हणून वायरमनास दुसरीचा विचार करण्याची सवय नसते. १२ व्होल्टवर मात्र दुसरीच कसोटी कठीण असते.

हे आकड्यांनी पाहू. पेटीस ६० वॅट शक्ती लागते असे समजा. १२ व्होल्टवर त्यासाठी ५ अँपिअर प्रवाह लागतो. २३० व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर पुरतो. त्याच तारेतून प्रवाह एकोणीस पट अधिक, म्हणून घटही एकोणीस पट अधिक. आणि ती घट ज्यातून वजा करावयाची तो दाबही एकोणीस पट कमी. दोन्ही मिळून शेकडा प्रमाणात घट सुमारे ३६७ पट होते. जी तार घरात निर्धास्त चालते तीच बॅटरीवर निकामी का ठरते, याचे कारण एवढेच आहे.

घटीचे गणित

तांब्याची १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली, तर तिचा रोध साधारण उष्णमानात ०.०१७५ ओहम असतो. यावरून पुढील सूत्र निघते:

घट (व्होल्ट) = ०.०१७५ × तारेची एकूण लांबी (मीटर) × प्रवाह (अँपिअर) ÷ तारेचा छेद (चौरस मिलिमीटर)

तारेचा छेद काढावयाचा असेल, तर घट व छेद यांची अदलाबदल करावी:

छेद = ०.०१७५ × एकूण लांबी × प्रवाह ÷ चालण्याजोगी घट

आता किती घट चालू द्यावी? अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था होड्यांच्या बांधणीची मानके ठरविते. होडीच्या सुरक्षेशी ज्यांचा संबंध आहे त्या मंडलांत शेकडा ३ व इतरांत शेकडा १० पर्यंत घट तिने चालू दिली आहे. साध्या दिव्यास शेकडा १० घट झाली तर उजेड थोडा कमी पडेल, एवढेच. शीतपेटीस ती चालत नाही, कारण तिच्या नियंत्रकात बॅटरीच्या रक्षणासाठी एक मर्यादा घालून ठेवलेली असते. वर सांगितलेल्या 'बीडी' जातीच्या यंत्रात, मूळच्या मांडणीप्रमाणे, दाब १०.४ व्होल्टवर आला की यंत्र थांबते व ११.७ व्होल्ट होईपर्यंत पुन्हा चालू होत नाही. म्हणून शीतपेटीस शेकडा ३, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट, याहून अधिक घट देऊ नये.

उदाहरण. पॅनेल व बॅटरी गोठ्याजवळ आहेत आणि पेटी घरात १२ मीटरवर आहे. चालू असता पेटी ५ अँपिअर घेते. सुरू होण्याच्या क्षणी ती १२ अँपिअर घेते असे धरू. एकूण लांबी २४ मीटर. निरनिराळ्या तारांत घट येणेप्रमाणे येते:

२.५ चौ. मि.मी. — चालू असता ०.८४ व्होल्ट (शेकडा ७). सुरू होताना २.०२ व्होल्ट
४ चौ. मि.मी. — चालू असता ०.५३ व्होल्ट (शेकडा ४.४), सुरू होताना १.२६ व्होल्ट
६ चौ. मि.मी. — चालू असता ०.३५ व्होल्ट (शेकडा २.९), सुरू होताना ०.८४ व्होल्ट
१० चौ. मि.मी. — चालू असता ०.२१ व्होल्ट (शेकडा १.८); सुरू होताना ०.५० व्होल्ट

अडीचची तार घातली तर काय होईल पाहा. दिवसा पॅनेल बॅटरीस भरीत असते, त्यावेळी बॅटरीचा दाब १३.६ व्होल्टच्या आसपास असतो. सुरू होताना २ व्होल्ट गेले तरी पेटीस साडेअकरा मिळतात व ती सुखाने चालते. पहाटे शिशाची बॅटरी अर्धी उतरून १२.२ व्होल्टवर आलेली असते. कॉम्प्रेसर सुरू व्हावयास जातो, दोन व्होल्ट तारेत जातात, पेटीजवळ १०.१८ उरतात आणि नियंत्रक बॅटरी संपली असे समजून यंत्र थांबवितो. यंत्र थांबताच प्रवाह थांबतो, प्रवाह थांबताच घट नाहीशी होते, व पेटीजवळ पुन्हा १२.२ व्होल्ट दिसू लागतात. नियंत्रक पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा थांबतो. असे रात्रभर चालते आणि पेटी गार होत नाही. सकाळी वायरमन येऊन दाब मोजतो, तो पूर्ण भरतो. ऊन वर आलेले असते, पेटीही चालू लागते. आणि दोष कोणासच सापडत नाही. दिवसा चालणारी व पहाटे बंद पडणारी शीतपेटी दिसली की तारेची जाडी प्रथम पाहावी.

अशा वेळी काहीजण नियंत्रकाची मर्यादाच खाली आणून घेतात. पेटी त्याने चालू लागते खरी, पण दिवसा-ढवळ्या घराचे दार काढून टाकण्यासारखा तो उपाय आहे. ती मर्यादा बॅटरी अगदी तळापर्यंत उतरू नये म्हणून असते. ती काढल्याने तारेचा दोष तसाच राहतो व बॅटरीचे आयुष्य घटते.

कारखान्याचा तक्ता व त्याचे मर्म

या यंत्राबरोबर मिळणाऱ्या सूचनापत्रात तारेचा एक लहानसा तक्ता असतो. त्यातील अंतर बॅटरीपासून पेटीच्या नियंत्रकापर्यंतचे एकेरी आहे. परतीची लांबी कारखान्याने हिशेबात आधीच घेतली आहे.

२.५ चौ. मि.मी. — १२ व्होल्टवर २.५ मीटर, २४ व्होल्टवर ५ मीटर
४ चौ. मि.मी. — १२ व्होल्टवर ४ मीटर. २४ व्होल्टवर ८ मीटर
६ चौ. मि.मी. — १२ व्होल्टवर ६ मीटर. २४ व्होल्टवर १२ मीटर
१० चौ. मि.मी. — १२ व्होल्टवर १० मीटर. २४ व्होल्टवर २० मीटर

हा तक्ता पाठ करावयास सोपा आहे: १२ व्होल्टवर जितके मीटर अंतर, तितके चौरस मिलिमीटर तार. कोणतीही ओळ घेऊन गणित केले तर जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.०३५ ओहमच येतो, व ५ अँपिअरवर घट अवघी ०.१८ व्होल्ट, म्हणजे शेकडा दीड. शेकडा ३ च्या नियमापेक्षा हा तक्ता दुप्पट कडक आहे. हा कडकपणा अकारण नाही. सुरू होण्याचा प्रवाह, जोडांतील घट, जुन्या बॅटरीचा भार पडताच खाली येणारा दाब आणि उन्हाळ्याची उष्णता या चारींची तरतूद त्यात झाली आहे. तांब्याचा रोध उष्णमानाच्या दर अंशास सुमारे शेकडा ०.४ ने वाढतो. २० अंशांवर केलेला हिशेब ४५ अंशांच्या दुपारी शेकडा १० ने कमी पडतो. आमचा सल्ला असा की, शेकडा ३ ही किमान पायरी समजावी व शक्य तेथे कारखान्याच्या तक्त्याप्रमाणेच तार घ्यावी.

वरील उदाहरणात १२ मीटर अंतर या तक्त्यात बसत नाही. तक्त्याच्याच मापाने १२ चौ. मि.मी. तार लागेल, आणि बाजारात तिच्या वरचे माप १६ चे मिळते. इतकी जाड तार घेण्यापूर्वी पुढील तीन मार्गांचा विचार करावा.

खर्च कमी करण्याचे मार्ग

पहिला व सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे बॅटरी पेटीजवळ आणणे. पॅनेल गोठ्याच्या छपरावर असले म्हणून बॅटरीही तेथेच असली पाहिजे असे नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी असलेले पॅनेल उन्हात सतरा-अठरा व्होल्टपर्यंत दाब देऊ शकते. म्हणजे त्याच्याजवळ काही दाब शिल्लक असतो. सबब लांब तार पॅनेल व चार्ज-कंट्रोलर यांच्यामध्ये ठेवावी, आणि कंट्रोलर, बॅटरी व पेटी ही तिन्ही जवळजवळ बसवावी. पॅनेलच्या तारेत अर्धा व्होल्ट गेला तर थोडे नुकसान होईल. पेटीच्या तारेत गेला तर पेटीच थांबेल. बॅटरी चार मीटरवर आणली की ४ चौ. मि.मी. तारेत काम भागते. मात्र शिशाची बॅटरी निजावयाच्या खोलीत ठेवू नये. भरताना तीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी.

दुसरा मार्ग २४ व्होल्टचा. बॅटऱ्या व पॅनेल अद्याप घ्यावयाची असतील तर हा विचार आधीच करावा. दाब दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो, व शेकडा घट त्याच तारेत चौथाईवर येते. कारखान्याने तक्त्यात अंतर दुप्पटच दिले आहे. चौपट दिलेले नाही, ही त्याची सावधगिरी होय. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडाव्या लागतात, आणि त्या एकाच मापाच्या व एकाच वयाच्या असाव्या लागतात. एक जुनी व एक नवी असा जोड करू नये.

तिसरा मार्ग दोन तारा जोडीने टाकण्याचा. १६ ची तार तालुक्याच्या बाजारात मिळाली नाही, तर ६ च्या दोन तारा दोन्ही टोकांस एकत्र बांधून १२ चे काम घेता येते. त्या सारख्या लांबीच्या व एकाच जातीच्या असाव्या, आणि धन व ऋण अशा दोन्ही बाजूंस तशाच दोन-दोन घालाव्या. एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक तार घालून लाभ अर्धाच मिळतो.

तार विकत घेताना

बाजारात 'अडीच एमएमची तार' असे म्हणतात. ते माप व्यासाचे नसून छेदाच्या क्षेत्रफळाचे आहे. अडीच चौ. मि.मी. तांब्याचा सरळ व्यास काढला तर तो पावणेदोन मि.मी.हून किंचित अधिक भरतो. वरचे प्लॅस्टिक पाहून तार जाड समजणे तर अगदीच चूक. मोटारीच्या दुकानातील काही तारा बाहेरून जाड व आतून बारीक असतात. खात्रीचा उपाय असा: टोक सोलून आतील केस मोजावे व एका केसाचा व्यास मापावा. व्यासास व्यासाने गुणून, त्यास ०.७८५ ने व केसांच्या संख्येने गुणले की छेद निघतो. ०.३ मि.मी. व्यासाचे ३६ केस असतील तर छेद २.५४ येतो, म्हणजे ती खरी अडीचची तार. ५६ केस असतील तर ३.९६, म्हणजे चारची.

दुसरी पारख धातूची. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. म्हणून तांब्याच्या ६ च्या जागी अ‍ॅल्युमिनियमची १० ची तार लागते. शिवाय तिच्या जोडावर हवेने गंज-थर येऊन जोड बिघडतो. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या ताराही विकल्या जातात. केस चाकूने खरवडला असता आत पांढरी धातू दिसली, तर ती तार तांब्याच्या भावाने घेऊ नये.

होडीवर तांब्याच्या तारेस कथिलाचा मुलामा असलेली तार वापरतात, कारण खाऱ्या हवेने उघडे तांबे हिरवे पडून खाल्ले जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड येथील खाडीकाठच्या वस्त्यांवर तीच काळजी घ्यावी. देशावर साधी तार चालेल. तार बारीक केसांची घ्यावी, एकसंध नको. कॉम्प्रेसरच्या थरथरीने एकसंध तार टोकाशी मोडते.

जोड आणि फ्यूज

जाड तार घालून जोड ढिला ठेवणे म्हणजे चार इंची पाइपास शेवटी अर्धा इंची तोटी बसविण्यासारखे आहे. तार पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये; टोकास योग्य मापाची लग हत्याराने दाबून बसवावी व ती बॅटरीच्या खुंटीवर आवळावी. मोटारीतील सिगारेट पेटविण्याच्या खोबणीत खुपसावयाची गुडदी पेटीबरोबर मिळते. ती प्रवासासाठी ठीक, कायमच्या कामास नको. तिचा संपर्क सैल असतो, तेथे दाब खर्च होतो व ती तापते. पेटीची तार थेट बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्यावी. वाटेत दिवे, पंखा यांच्या तारेत तिला जोडू नये.

फ्यूज हा तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या धन टोकाजवळ बसवावा. पेटीजवळ बसविला आणि मध्ये उंदराने तार कुरतडून दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या, तर बॅटरीतून शेकडो अँपिअरचा प्रवाह लोटतो व तो थांबविणारे मध्ये काहीच नसते. कडब्याच्या शेजारी अशी तार असेल तर काय घडेल हे सांगणे नको. वरील यंत्रास १२ व्होल्टवर १५ अँपिअरचा व २४ व्होल्टवर साडेसात अँपिअरचा फ्यूज सांगितला आहे. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा बसवू नये, कारण शोधावे.

बसविलेल्या पेटीची तपासणी

जुन्या पेटीची तार पुरेशी आहे की नाही, हे साध्या मल्टीमीटरने कोणासही पाहता येते. पेटी बंद असता मोजलेला दाब निरुपयोगी होय, हे वर आलेच आहे. कॉम्प्रेसर चालू असता प्रथम बॅटरीच्या दोन खुंट्यांवर दाब मोजावा व लगेच पेटीच्या तारा जेथे नियंत्रकास जोडल्या आहेत तेथे मोजावा. दोहोंतील अंतर म्हणजे तारेतील व जोडांतील घट. ती ०.३६ व्होल्टच्या आत असेल तर तार ठीक आहे. अधिक असेल तर मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर व दुसरे त्याच तारेच्या लगवर धरावे. तेथेच मोठा आकडा दिसला तर दोष जोडाचा, तारेचा नव्हे. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी बॅटरीच्या खुंट्यांवरच दाब अकरा-साडेअकराच्या खाली येत असेल, तर बॅटरी दुबळी झाली आहे; तेथे तार बदलून लाभ नाही. ही तपासणी उन्हात न करता पहाटे करावी, कारण खरी परीक्षा त्याच वेळी होते.

अभ्यासार्थ दोन उदाहरणे

(१) कोंबड्यांच्या शेडमध्ये १२ व्होल्टची पेटी बॅटरीपासून ५ मीटरवर आहे व ती ५ अँपिअर घेते. तार किती चौ. मि.मी. घ्यावी?

(२) मच्छीमार होडीवर २४ व्होल्टची पेटी बॅटरीपासून ८ मीटरवर आहे व ती अडीच अँपिअर घेते. तार किती घ्यावी?

उत्तरे. (१) एकूण लांबी १० मीटर, ०.०१७५ × १० × ५ ÷ ०.३६ = २.४३. शेकडा ३ च्या हिशेबाने अडीचची तार जेमतेम पुरते. तक्त्याप्रमाणे ४ ची तार ४ मीटरपर्यंतच चालते, म्हणून ६ ची घ्यावी. लस ठेवावयाची पेटी असल्यास जेमतेम हिशेबावर राहू नये.

(२) एकूण लांबी १६ मीटर. २४ व्होल्टचे शेकडा ३ म्हणजे ०.७२ व्होल्ट, ०.०१७५ × १६ × २.५ ÷ ०.७२ = ०.९७. गणिताने १ चौ. मि.मी. तार पुरेशी दिसते, तथापि तक्ता ४ ची सांगतो व तीच घ्यावी. कारण सुरू होण्याचा प्रवाह, जोड व थरथर यांची दाद सूत्रात लागत नाही. शिवाय होडीसाठी तार कथिलाच्या मुलाम्याची असावी.

ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी आपल्या तारेची लांबी जाण्यायेण्याची धरून मोजावी, केस मोजून छेद काढावा आणि वरील सूत्रात आकडे घालून पाहावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे, आणि ते उन्हाळ्यापूर्वी उरकावे.